ताईंसाठी खास भाजलेला पाव

माझ्या नणंदेच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या वाईटावर या घरात कोणीही नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण विषय निघाला की घरातल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच असतं. मुद्दाम कोणी केलं नाही. प्रेमापोटी झालं. हे 'प्रेमापोटी' कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुद्दाम केलं असतं तर सरळ भांडता तरी आलं असतं.

ताई माझ्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. एक्कावन्न पूर्ण. दुसऱ्या शहरात एकट्या राहायच्या आणि घड्याळं दुरुस्त करायच्या. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन फूट रुंद खोबण. पुढे काचेचं काउंटर, मागे उंच स्टूल, मान वाकवलेला दिवा, आणि उजव्या डोळ्यात भिंग. सुरुवातीला गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, "मालक कुठे आहेत?" ताई म्हणायच्या, "जेवायला गेलेत. तुम्ही घड्याळ ठेवून जा." दुसऱ्या दिवशी चालू घड्याळ हातात ठेवायच्या आणि सांगायच्या, "मालक अजून जेवतायत." बावीस वर्षांत त्या मालकाचं जेवण काही संपलं नाही. लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याचं घड्याळ त्या आठवडाभर उशिरा द्यायच्या.

त्यांना साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली. पहिली काही वर्षं त्यांनी हयगय केली, हे त्या स्वतःच कबूल करतात. दोन वर्षांपूर्वी डावा डोळा गढूळ झाला. त्या डोळ्याने त्यांना माणसाचा नुसता आकार दिसतो, बस. त्या दिवसापासून मात्र त्यांनी जिभेला जे कुलूप लावलं ते लावलं. घड्याळाचे बारीक भाग तोलायचा त्यांचा एक छोटा काटा आहे, तसाच दुसरा आणून त्यावर जेवण तोलायला लागल्या. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची, यंत्रातला आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. दोन वर्षं एकही दिवस खाडा नाही.

आणि तरीही यंदा उजव्या डोळ्याच्या पडद्यावर तकलादू रक्तवाहिन्या वाढलेल्या सापडल्या. डोळ्यांचं मोठं रुग्णालय आमच्या गावात. तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: या वाहिन्या कधीही फुटतील, त्याआधी ऑपरेशन करायचं. पण त्या सकाळी उपाशीपोटी साखर एकशे ऐंशीच्या आत पाहिजे. वर असेल तर मी डोळ्याला हात लावणार नाही, परत पाठवीन. तारीख मिळाली सोमवारची. तपासण्या आधी करायच्या होत्या, म्हणून ताई दहा दिवस आधी माहेरी आल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या दोन दिवसांहून जास्त इथे राहिल्या नव्हत्या.

बॅग खाली ठेवायच्या आधी त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "मिरची, दहा दिवस मला सांभाळ." माझ्या नाकावर राग असतो म्हणून त्या मला मिरची म्हणतात. "माझ्या घरी मी एकटी पुरते. इथे सगळे मिळून माझ्यावर माया करणार, आणि मला डोळा वाचवायचाय."

मी म्हटलं, "बिनधास्त राहा. मी आहे ना." हे मी म्हटलं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

आता आमचं घर. पुढे बेकरी, मागे भट्टी, वर आम्ही. बेकरी सासऱ्यांनी काढली, त्याला बेचाळीस वर्षं झाली. पीठ मळणं आणि भट्टी आता माझा नवरा बघतो. तो पहाटे खाली जातो तो नऊला वर येतो. सकाळी काउंटरवर मी असते. भट्टीच्या खोलीत बायकांनी जाऊ नये असा काही नियम नाही, पण तिथे इतकं उकडतं आणि बाप-लेक इतके एकमेकांवर खेकसत असतात की आपण होऊन कोणी जात नाही. बेकरीवाल्यांच्या घरात खायला नाही म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. सासूबाई तर खाणाऱ्याच्या ताटाकडे बघून त्याचा स्वभाव सांगतात. ताटात उरवणारा माणूस त्यांच्या मते आतल्या गाठीचा.

पहिल्याच दुपारी ताईंनी आपला काटा टेबलावर ठेवला आणि उकडलेली भाजी तोलली. सासूबाईंचा चेहरा असा झाला की जणू पोरीने आईचं घर विकायला काढलंय.

"तोलून खातेस? माझ्या घरात?"

"आई, घरात नाही, ताटात तोलतेय."

"एवढ्याशाने काय होतं गं? चिमणीला पुरणार नाही."

"चिमणीला साखर नाही, आई."

मग रीघ लागली. शेजारची काकू आली, ती केक घेऊन. ताईंची आत्या आली, ती दोन डबे घेऊन. लहानपणी ताई किती गुटगुटीत होत्या त्याचे फोटो निघाले. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "एकाने काही होत नाही." मी मोजलं, पहिल्या तीन दिवसांत हे वाक्य सतरा वेळा झालं. सतरा जणांचं एकेक धरलं तर किती होतं, हे एकालाही सुचलं नाही. आत्याने तर कहर केला. म्हणाली, "आमच्या ह्यांना पण साखर होती. सगळं खायचे. शेवटपर्यंत खाल्लं."

"शेवट कधी झाला?" ताईंनी विचारलं.

आत्या उठली ती डबे ठेवून गेली. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फिरवलं. पण ताईंनी एक घास घेतला नाही, हे मी शपथेवर सांगते. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. केक पुढे आला की ताई ताटलीवर हात ठेवायच्या आणि हसायच्या. हसताना त्यांचा जबडा मात्र आवळलेला असायचा. रात्री मला म्हणाल्या, "इतकं दमायला तर घड्याळात पण होत नाही गं. पोटापेक्षा तोंड दमतं, नाही म्हणून म्हणून."

तोडगा सासऱ्यांनी काढला. तसे ते कमी बोलतात. चौथ्या दिवशी सकाळी ते वर आले आणि ताईंसमोर पावाची पिशवी ठेवली. आमचा ब्राऊन पाव. सोळा वर्षांपूर्वी, ताई घरातून गेल्यानंतर काही वर्षांनी, सासऱ्यांनी हा सुरू केला होता आणि आता त्याचंच दुकान चालतं म्हटलं तरी हरकत नाही. पिशवीवर गव्हाच्या ओंबीचं चित्र. साखर असलेली सगळी म्हातारी मंडळी सकाळी रांगेत उभी राहून हा पाव नेतात.

"हा खा," सासरे म्हणाले. "आईच्या जिवाला पण बरं वाटेल. घरचं काहीतरी पोटात गेलं म्हणून."

ताईंनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "गव्हाचा आहे ना, बाबा?"

"ब्राऊन आहे," सासरे म्हणाले. "पिशवीवर आहे की चित्र."

मी तिथेच उभी होते. मला त्या उत्तरात काही खटकलं नाही. बारा वर्षं मी तोच पाव त्याच चित्राकडे बोट दाखवून विकत होते. ताईंनी तोलून दोन तुकडे सकाळी आणि दोन संध्याकाळी खायचं ठरवलं. सासूबाईंचा रुसवा गेला. घरात एकदम मोकळी हवा आली. माझा नवरा इतका खूश झाला की म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी मी रोज वेगळा भाजतो. खास."

ताई आल्या त्या दिवशी त्यांच्या वहीत आकडा होता एकशे बेचाळीस. पाव सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी एकशे सदुसष्ट. तिसऱ्या दिवशी एकशे ब्याण्णव.

ताईंनी यंत्र बदललं. रुग्णालयाजवळच्या औषधवाल्याकडून नवीन आणलं. दोनशे चार.

त्या दिवशी मी ताईंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. घाबरलं की त्या ओरडत नाहीत, त्यांचा आवाज खाली जातो. स्वयंपाकघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. आत सासूबाई, मी आणि त्या.

"आई, माझ्या जेवणात काय घालतेस?"

"मी?" सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"दह्यात साखर? भाजीत? मला न सांगता? तू तशी आहेस. लहानपणी माझं औषध मधात घालून द्यायचीस."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. खरंच त्यांनी काही केलं नव्हतं. पण गेले पाच दिवस त्या जे वागल्या होत्या त्यानंतर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी पण ठेवला नाही. उलट म्हणाले, "आई, केलं असेल तर आत्ता सांगा. अजून वेळ आहे." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग ताई माझ्याकडे वळल्या. "मिरची, तू तर नाही ना?"

खोटं कशाला सांगू, माझं डोकंच फिरलं. घरात सगळ्यांशी वाकडेपणा घेतला तो कोणासाठी? मी भांडं आपटलं. म्हणाले, "हो, मीच. रोज वाटीभर साखर घालते. तुमचा डोळा गेला की मला मेडल मिळणार आहे."

"मी नुसतं विचारलं."

"विचारलंत तेच पुरे झालं."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माझा नवरा. त्याला बाहेर ऐकू गेलं होतं; मी दार उघडलं तसा तो आत आला. तो म्हणाला, "ताई, उगाच घरच्यांवर येऊ नकोस. दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा तू काउंटरवर बसतेस. बिस्किटांच्या बरण्या समोर असतात. माणूस आहे, हात जातो."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं साखरेचा एक दाणा न खाल्लेल्या बाईला तिच्या सख्ख्या भावाने चोर ठरवलं होतं. आपली वही उचलली आणि त्याच्या छातीवर आपटून आपल्या खोलीत गेल्या. वही खाली पडली. उचलली मी.

ऑपरेशनला चार दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी मी ताईंच्या खोलीत गेले. माफी मागितली नाही आणि मागून घेतलीही नाही. म्हटलं, "उद्यापासून तुमचं सगळं मी वेगळ्या भांड्यात करते. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसा. मी जे घालीन ते बघा. आणि तुमच्या ताटातलं निम्मं मी खाणार." ताई म्हणाल्या, "बैस." मी बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, उघडलं, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "हे पाच मिनिटं मागे पडतं आणि तू सांगत नाहीस?" त्यांची माफी मागायची तीच तऱ्हा.

शुक्रवारी दिवसभर त्यांनी फक्त माझ्या हातचं खाल्लं. भाजी, अंडी, काकडी, बिनसाखरेचा चहा. आणि पाव. शनिवारी सकाळी यंत्राने दाखवलं दोनशे एकोणतीस.

आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. घरात सगळं बंद केलं होतं. मीठसुद्धा नवीन पुडीतलं. राहिलं काय? माझी नजर टेबलावरच्या पिशवीवर गेली. पिशवीवरची ती ओंबी. मी ताईंना काही न बोलता जिना उतरले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मळणीच्या वेळी भट्टीच्या खोलीत शिरले.

नवरा परातीपाशी उभा होता. शेजारी फोडलेलं मैद्याचं पोतं. दुसरं कुठलं पीठच नव्हतं. मी कोपरे शोधले, फळ्या शोधल्या. त्याने हातातल्या डब्यातून काळा, दाट पाक पिठावर ओतला.

"हे काय आहे?"

"रंग," तो म्हणाला.

"कसला रंग?"

"आपला ब्राऊनचा. साखर करपवायची आणि पाणी मारायचं. बाबांनीच शिकवलं. आम्ही रंगच म्हणतो त्याला." आणि मग त्याने जे वाक्य म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मोठ्या कौतुकाने म्हटलं, नवीन काही करून दाखवणाऱ्या मुलासारखं. "ताईच्या पावाला मी दुप्पट घालतो. जास्त ब्राऊन म्हणजे जास्त चांगला ना! मग जरा कडवट लागतो, म्हणून वरून चार मुठी साखर."

मी त्याला म्हटलं, "तुला कळतं का तू काय बोलतोयस?"

त्याला खरंच कळत नव्हतं. हेच मला सहन होत नाही. सोळा वर्षं त्या डब्याला रंग म्हणतानाच ऐकलेलं, त्यात साखर आहे हे हाताला माहीत होतं, डोक्याला नाही. रोज दोन मुठी साखर करपवणारा हाच माणूस मला चहात एक चमचा जास्त पडला तर ओरडायचा, की साखर वाईट. पण पावातली ती साखर नव्हती, तो रंग होता. आणि ब्राऊन पाव साखरेवाल्यांना चांगला, हे त्याने रांगेतल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. आपलंच खोटं लोकांकडून परत आलं की ते खरं वाटायला लागतं असं दिसतं. मी तो डबा उचलला आणि जिना चढले. मागे तो "अगं गरम आहे, गरम आहे" करत आला. माझा तळहात भाजला होता, ते मला नंतर कळलं.

वर सगळे चहाला बसले होते. मी डबा ताईंसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, एका दमात.

ताईंनी पाकात चमचा बुडवला, जिभेला लावला. मग भावाकडे पाहिलंच नाही. वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं. गव्हाचा आहे ना म्हणून."

सासरे कपातल्या चहाकडे बघत राहिले. "सगळे असाच करतात," ते म्हणाले. "ब्राऊन म्हणजे हाच. नुसत्या गव्हाचा पाव फुगत नाही. कोणी घेत नाही."

"मी बाजाराचं विचारत नाहीये. मी माझं विचारतेय. तुम्हाला माहीत होतं."

"चार तुकड्यांनी काय होतं, असं वाटलं."

"माझा डोळा होतो!" ताई ओरडल्या. आयुष्यात त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "एकच राहिलाय! सगळ्यांशी भांडले मी त्याच्यासाठी. आईला चोर ठरवलं, हिला चोर ठरवलं. तुमच्याकडे फक्त विश्वासाने हात पुढे केला. तुमच्याकडे! आणि तुम्ही मला चित्र दाखवलंत?"

सासूबाई रडत होत्या. नवरा पुटपुटत होता की मी तर चांगल्यासाठीच केलं. सासरे उठले आणि खाली दुकानात गेले. जाताना म्हणाले काय, तर "गिऱ्हाईक उभं असेल."

दोन दिवस होते. ताईंनी नुसत्या पाण्यावर राहायचं तेवढं बाकी ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तासतासभर चालल्या. मी बरोबर. आकडा उतरत होता, पण त्यालाही वेळ लागतो. सोमवारी रुग्णालयात नर्सने बोट टोचलं तेव्हा यंत्र म्हणालं एकशे त्र्याण्णव. एकशे ऐंशीला तेरा जास्त.

"गेल्या आठवड्यात काय खाल्लंत?" नर्सने कागद पुढे ओढत विचारलं.

सासरे आमच्याबरोबर आले होते. खुर्चीत बसून हातातल्या पिशवीची घडी करत होते. ताई त्यांच्याकडे बघून थांबल्या. मीही थांबले. पुरतं मिनिटभर. त्यांनी घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. शेवटी ताईंनीच सांगितलं, "पाव."

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

मी घरी येऊन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा पाव मैद्याचा आहे. यात साखर आहे,' आणि काउंटरवर टेकवून ठेवला. सासऱ्यांनी तो काढला. मी दुसरा लिहिला. तो त्यांनी फाडला. मी तिसरा काउंटरच्या काचेला आतून चिकटवला आणि त्या काउंटरची किल्ली कमरेला खोचली. रोजचे निवृत्त पोस्टमास्तर आले, चष्मा वर करून दोनदा वाचलं. "आठ वर्षं," एवढंच म्हणाले आणि पाव न घेता गेले. त्या आठवड्यात निम्मी रांग मोडली. नवरा म्हणाला, "तू आमच्या पोटावर पाय देतेयस." मी म्हटलं, "देतेय. तू मेहनतीने लोकांच्या डोळ्यांवर दिलास, मी जरा पोटावर देते." त्यानंतर आमचं महिनाभर नीट बोलणं नव्हतं. अजूनही फार आहे असं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी ताई मला म्हणाल्या, "मिरची, खिडकीला काळं काय लागलंय?" खिडकी स्वच्छ होती. डोळ्यातली वाहिनी फुटली होती. आकडा त्या दिवशी एकशे एकोणचाळीस होता.

ऑपरेशन तातडीने झालं. डॉक्टरांनी पुष्कळ काही वाचवलं, ते त्यांचे उपकार. पण पडद्याच्या नेमक्या मधोमध इजा झाली होती. त्या सोमवारी झालं असतं तर हे टळलं असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असं नक्की सांगता येत नाही. त्यांना येत नसेल. मला येतं.

ताई आता आमच्याकडेच असतात. जिन्याखालचं दुकान त्यांनी ओळखीच्या एका कारागिराला देऊन टाकलं. आता त्या भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी दुरुस्त करतात, तीही बोटांनी चाचपून. मनगटी घड्याळ कोणी आणलं तर म्हणतात, "मालक कायमचे जेवायला गेलेत." गिऱ्हाईक हसतं. मी नाही हसत. घरी सगळे त्यांच्याशी फार गोड वागतात. भाऊ हात धरून जिना उतरवतो. त्याला त्यांनी पंधरा दिवसांत माफ केलं. म्हणाल्या, त्याला अक्कल नाही, त्याचा काय राग धरायचा. आईला तर लगेचच केलं.

राहिले सासरे. त्यांनी काय करावं? रोज ताईंच्या खोलीत जायचे, औषधाच्या बाटल्या नीट लावायचे, पंखा कमी-जास्त करायचे, आणि यायचे. भट्टीत त्यांनी गव्हाचं पीठ आणलं. डबा फेकून दिला. सगळं केलं. एक शब्द सोडून.

परवा दुपारी ते असेच ताईंसमोर टेबलापाशी बसले होते. मी भाजी निवडत होते. सासरे म्हणाले, "आता किती दिसतं?"

ताई म्हणाल्या, "तुम्ही दिसता. समोर बसलायत ते कळतं. डोकं, खांदे, पांढरा शर्ट. मधे तोंडाच्या जागी पुसल्यासारखं आहे."

"हं."

"म्हणजे बाबा, तुम्हाला काय वाटतंय ते मला आता तोंडावरून कळणार नाही. तुम्हाला वाईट वाटत असेल, तर ते तुम्ही बोलायला लागेल."

सासरे बसून राहिले. ओठ दोनदा हलले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गालांवरून खाली शर्टावर, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आवाज अजिबात नाही. ताई त्यांच्याकडे तोंड करून, मान जराशी तिरकी करून, वाट बघत होत्या.

मला सगळं दिसत होतं. मी एका शब्दात सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. भाजी निवडत राहिले.

थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "काहीच वाटत नाही का, बाबा?"